मऊ जेवणाचा सर्व्हे

दार उघडणाऱ्याच्या पायांकडे आधी बघायचं, ही थोरलीची जुनी सवय. एक पाय उंबऱ्याबाहेर आला तर माणूस बोलणार. दोन्ही पाय आतच राहिले आणि हात कडीवर असला, तर कामाचं तेवढं आधी विचारून घ्यायचं, कारण हे दार कधीही बंद होईल. दारोदार जाऊन लोकांना साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, विमा आणि फरशी पुसायचं औषध यांबद्दल विचारण्यात तिची सगळी नोकरी गेली. कुठल्याही कंपनीला काही नवीन विकायचं असलं, की लोक ते घेतील का हे आधी बघून यायचं, एवढंच तिच्या ऑफिसचं काम. बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. थोरली नुसती विचारणारी.

ती हिंडे त्या भागात तिला फॉर्मवाल्या बाई म्हणत. कधीकधी आतून आवाज येई, फॉर्मवाल्या बाई आल्यात, सांग घरात कोणी नाही. ते बाहेर स्वच्छ ऐकू येई. तिने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. घरात कोणी नाही असाही एक रकाना फॉर्मवर होता. त्यावर खूण करून ती शेजारची बेल वाजवी.

पुढे फॉर्म गेले आणि टॅब आले. मग टॅबही गेले आणि प्रश्न थेट लोकांच्या फोनवर जायला लागले. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, तुमच्यासारखी माणसं आता मिळत नाहीत असं म्हणाले आणि त्याच दमात उद्यापासून यायची गरज नसल्याचंही सांगून टाकलं. काय वाटलं तुला, असं धाकटीने घरी विचारलं तेव्हा थोरली म्हणाली, "गुडघ्यांना बरं वाटलं."

धाकटी हसली. थोरली काही हसली नाही.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. थोरलीचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धाकटीने लग्नच केलं नाही. आईवडील गेल्यावर तात्पुरत्या म्हणून दोघी एका जागेत राहायला आल्या, त्या राहिल्याच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडणारी. स्वयंपाक थोरली करी. धाकटीला घरी आल्यावर चुलीकडे बघवत नसे, कारण तिचा अख्खा दिवस तिथेच जाई. ती एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. रोग्यांचं जेवण तिच्याकडे. दात नसलेल्यांचं, घशाची शस्त्रक्रिया झालेल्यांचं, मीठ बंद, तिखट बंद, तेल बंद केलेल्यांचं. एवढं सगळं बंद करून जे उरतं त्याला चव आणायची हे तिचं कसब होतं, आणि ते खरंच होतं. घरी जाणारे रोगी निघताना विचारत, असं आम्हाला घरी कोण करून देणार?

हा प्रश्न धाकटीच्या डोक्यात बसला. त्यातून बेत निघाला. त्यांच्या इमारतीच्या कोपऱ्यावर शिंप्याचा एक गाळा होता. शिंपी मुलाकडे राहायला चालला होता. गाळ्याच्या मालकाला दुसरंही गिऱ्हाईक आलं होतं, पण शेजारधर्म म्हणून त्याने धाकटीला महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. इस्पितळ सोडायचं, गाळ्यात चूल मांडायची, आणि आसपासच्या गल्ल्यांमधल्या म्हाताऱ्या नि आजारी माणसांना मऊ जेवणाचे डबे द्यायचे. धाकटीच्या खांद्यातून आताशा कळा येत होत्या. इस्पितळातली पातेली आणखी काही वर्षं उचलली तर हात कायमचा जाईल, असं तिथल्याच डॉक्टरने तिला सांगितलं होतं. पातेली लहान करायची, तर स्वतःची चूल हवी. आणि एकदा नोकरी सोडली की परत घेणार नव्हते. बेत फसला तर या वयात तिला नव्याने कोण उभं करणार होतं?

"सगळ्या जगाचे सर्व्हे केलेस," ती थोरलीला म्हणाली, "आता एक माझा कर."

घरचंच काम. नाही कसं म्हणणार? थोरलीने मान डोलावली.

धाकटीने आपल्या परीने चौकशी आधीच उरकली होती. इस्पितळातल्या बायकांना विचारलं होतं, इमारतीत वरखाली वाट्या पाठवून चव दाखवली होती. सगळे म्हणाले होते, छान, काढाच, आम्ही पहिले. थोरलीने ते सगळं एका फटक्यात बाजूला सारलं. तू त्यांना फुकट खायला घातलंस, वर समोर उभी राहून कसं झालंय विचारलंस. कोण नावं ठेवणार? भिडेने बोललेलं जमेत धरायचं नसतं. ओळखीच्या माणसाला विचारायचंच नाही. आणि घ्याल का, असं तर मुळीच नाही, कारण त्याला हो म्हणायला काही पडत नाही. धाकटी हिरमुसली, पण मनातून तिला बरंही वाटलं. हे खरं काम होतं, आणि ते करणारं माणूस घरातच होतं.

थोरलीने हमरस्त्याच्या पलीकडच्या गल्ल्या निवडल्या. तिथे त्या दोघींना कोणी ओळखत नव्हतं. सुरुवातीला तिने दारं वाजवलीच नाहीत. औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली. कोण कोण येतं, एकटं येतं की कोणी हात धरून आणतं, औषधाबरोबर आणखी काय घेतं. पुष्कळ म्हातारी माणसं औषध घेऊन शेजारच्या दुकानातून पाव घ्यायची, मऊ आहे ना हे बोटाने दाबून बघायची. हे तिने लक्षात ठेवलं. बाकावर बसायचं काम तिला मानवलं. दिवसभर बस म्हटलं असतं तर ती बसली असती.

मग दारं सुरू झाली, आणि दारांबरोबर जिने.

पहिल्याच दिवशी एका घरी सून कमरेवर हात ठेवून म्हणाली, आम्ही यांना जेवायला घालत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला? थोरलीने नम्रपणे सांगितलं की कोणी नाही. मग आमचंच दार कसं सापडलं? पुढच्या घरी बाई गोड होत्या. आमच्याकडे बाई सगळं ताजं, त्या समोरच्यांकडे विचारा, तिकडे आबाळ आहे. समोरच्यांनी दार किलकिलं केलं आणि हळूच सांगितलं की आबाळ कुठे असेल तर ती पलीकडच्या घरात. असं वरपासून खालपर्यंत. मऊ जेवणाची गरज त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर होती, पण दर वेळी शेजारच्या घरात.

संध्याकाळी घरी आल्यावर थोरली गरम पाण्यात पाय सोडून बसे आणि दिवसभराचं सांगे. नाही म्हणतात. घरचंच लागतं म्हणतात. डबा नको म्हणतात. धाकटी ऐकून घेई. आठवडा सरता सरता तिचं विचारणंही कमी झालं. इस्पितळात तिने सोडण्याबद्दल कोणाकोणाला सूचित करून ठेवलं होतं, ती आता बोललेलं मागे घ्यायची भाषा करायला लागली. एकदा जेवताना म्हणाली की खांद्याचं काय, मालिश करून चालेल काही दिवस. थोरलीने तिच्या ताटात भाजी वाढली.

गाळ्याच्या मालकाने पुन्हा निरोप धाडला, तेव्हा धाकटीने एक दिवस रजा टाकली. निदान आपल्या कानांनी नकार ऐकते, मग नोकरीत मन तरी लागेल, असं म्हणून ती थोरलीबरोबर निघाली.

पहिलं दार एका निवृत्त टपालवाल्याचं होतं. माणूस एकटा राहणारा, अंगात विटलेला स्वेटर. एक पाय उंबऱ्याबाहेर घेऊन तो चांगला ऐसपैस उभा राहिला. त्याला बोलायला कोणीतरी हवंच होतं. थोरलीने नमस्कार केला, कशासाठी आलो ते सांगितलं आणि म्हणाली, तुम्हाला बाहेरचं जेवण काही मानवत नसेल, घरचंच लागत असेल. टपालवाला क्षणभर थांबला. हो, म्हणाला, घरचंच बरं. थोरलीने आभार मानले आणि वळली. तो आणखी काही बोलेल म्हणून धाकटी तिथेच उभी होती. त्याचंही तोंड उघडलेलं होतं. पण विचारणारी पाठ करून चाललेली बघून त्याने दार लावून घेतलं.

वरच्या मजल्यावर एक आजी होत्या. थोरली म्हणाली, सूनबाई सगळं हातात देत असतील, डब्याची काय गरज पडणार. आजी म्हणाल्या, खरंय. पुढच्या दारात थोरलीने प्रश्नही धड पुरा केला नाही. तुम्ही नाहीच म्हणाल, पण विचारायचं म्हणून विचारते, अशी सुरुवात केली. दारातले गृहस्थ सुटल्यासारखे नाही म्हणाले.

धाकटीने तिला जिन्याच्या वळणावर थांबवलं.

"तू सगळीकडे असंच विचारतेस?"

"असं म्हणजे?"

"म्हणजे तूच नकार त्यांच्या तोंडात घालून देतेस आणि त्यांना नुसती मान हलवायला लावतेस. साबणाचं विचारताना असं विचारायचीस?"

थोरली म्हणाली की लोक आधीच चिडतात, त्यांना सोपं जावं म्हणून ती जरा समजुतीने घेते. बोलता बोलता तिचं तिलाच ते ऐकू आलं. ऑफिसात नव्या मुलींना शिकवायचं काम तिच्याकडे असे, तेव्हा तिने याच कारणासाठी त्यांचे ढीगभर फॉर्म रद्द केले होते. उत्तर आपण द्यायचं नाही. प्रश्न सरळ ठेवायचा आणि गप्प बसायचं. समोरचा घुटमळला तरी मदतीला धावायचं नाही, कारण घुटमळण्यातूनच खरं बाहेर येतं. हे तिनेच शिकवलं होतं, आणि एकेकीला दम देऊन शिकवलं होतं.

ती तिथेच पायरीवर बसली. परक्या इमारतीचा जिना, वर कोणाच्या तरी घरात मिक्सर चाललेला. धाकटी उभीच होती.

"मला नाही गं चढायचं आता," थोरली म्हणाली.

"आज ना? चल घरी जाऊ."

"आज नाही. कधीच नाही. तुझं दुकान निघालं, तर डबे घेऊन दारोदार कोण जाणार? लोक कोण मिळवणार? तू तुझ्या मनाशी ठरवून मोकळी झालीस. ताईला सगळी दारं माहीत आहेत, ती जाईल म्हणून."

धाकटीने हे नाकारलं नाही. खरंच तसं धरलेलं होतं. बेताचा अर्धा भाग ती होती आणि अर्धा भाग थोरली, इतकं उघड की बोलून दाखवायचं तिला कधी सुचलंच नाही. मग ती म्हणाली, "हे तू मला घरी सांगितलं असतंस तर? एवढी घरं हिंडलीस माझ्यासाठी नाही गोळा करत. मी नोकरी सोडत नाही म्हणून इस्पितळात सांगून आले, ताई. तुझ्या शब्दावर."

धाकटी जिना उतरून निघून गेली. थोरली बराच वेळ बसून राहिली. वरच्या बाई कचरा टाकायला उतरल्या तेव्हा त्यांना जागा द्यायला तिला कठड्याला धरून उठावं लागलं.

घरात अबोला धरायचा म्हटलं तरी दोन खोल्यांत तो नीट धरता येत नाही. पाणी आलंय, दूध उतू जाईल, गॅसवाला येऊन गेला, एवढं बोलावंच लागतं. दोघी तेवढं बोलत. धाकटी इस्पितळातून आली की भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिचा उजवा हात उशीवर ठेवलेला असे, जसा काही दुसऱ्याचा आहे आणि तिला नुसता सांभाळायला दिलाय.

थोरलीला बहिणीचं वाईट वाटत होतं, पण तिला खरं खात होतं ते दुसरंच. ऑफिसातली काही पोरं उन्हात फिरायला नको म्हणून चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरत, मनाने नावं लिहीत. तिने ते कधी केलं नव्हतं. पावसात, तापात, नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा तिने खरी दारं वाजवून खरी उत्तरं आणली होती. आणि आयुष्यातला सगळ्यात खोटा सर्व्हे तिने केला तो सख्ख्या बहिणीचा. टपरीवरची पोरं निदान स्वतःला फसवत नव्हती.

म्हणून ती पुन्हा निघाली, धाकटीला न सांगता. आधीची घरं तिने घेतली नाहीत. एकदा चुकीचं विचारलेलं माणूस वाया जातं, त्याला परत विचारून उपयोग नसतो. आणखी पलीकडची गल्ली घेतली. चढायचं थोडंच ठरवलं, मजला चढला की जिन्याच्या खिडकीपाशी थांबायचं ठरवलं. आणि प्रश्न बदलला. डबा, मऊ जेवण, म्हातारपण यांतला एकही शब्द तिने आधी काढला नाही. जेवणाबद्दल माहिती गोळा करतेय एवढंच सांगायचं, आणि विचारायचं, काल दुपारी काय जेवलात? मग तोंड मिटायचं.

कालच्या जेवणात कोणाचा अपमान नव्हता. लोक सांगायला लागले.

एका आजोबांनी काल दुपारी चहात पाव बुडवून खाल्ला होता. परवाही. एका बाईने नवऱ्यासाठी सगळं बारीक चिरून, शिजवून, वर घोटून दिलं होतं, आणि स्वतः पातेल्याला लागलेलं खरवडून खाल्लं होतं, कारण दुसऱ्यांदा रांधायला मनगटात जोर उरला नव्हता. एका घरी सासरे एकटेच होते. सून कामाला जाताना ताट झाकून ठेवते, म्हणाले, चांगलं करते हो पोरगी, पण मला चावत नाही. मग काय करता? आजोबांनी दाराबाहेर नजर टाकली आणि सांगितलं, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतो, तिला वाईट वाटायला नको.

थोरलीने हे सगळं ऐकताना चेहरा कोरा ठेवला. तो ठेवायची तिला सवय होती. शेवटी, निघताना, ती हळूच पुढचं विचारी: मऊ जेवण तयार मिळालं तर कोणाला सांगाल, आणि त्याला किती देणं ठीक वाटेल. किंमत नेहमी शेवटी.

एका इमारतीतून ती उतरत असताना मागून एक सून चपला न घालताच खाली आली. सासूबाईंसमोर बोलता आलं नाही, म्हणाली. असं काही मिळत असेल तर मला हवंय, मी नोकरी करते, माझ्याने दोन स्वयंपाक होत नाहीत. पण डब्यावर म्हाताऱ्यांसाठी असं लिहून आलं की संपलं. त्या म्हणतील मला टाकलं, आणि सगळ्या नातेवाइकांना फोन जातील. थोरलीने विचारलं, मग कसं आलं तर चालेल? सुनेने विचार केला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आलं तर चालेल, म्हणाली. पथ्य म्हटलं की त्या निमूट खातात.

थोरलीने हा शब्द पुढच्या घरांत खडा टाकल्यासारखा टाकून पाहिला. म्हाताऱ्यांचं जेवण म्हटलं की दारं आक्रसत. पथ्याचं जेवण म्हटलं की माणसं आपापली दुखणी सांगायला लागत, आणि ती सांगून संपेपर्यंत थोरलीला उभं राहावं लागे. पण सांगत. सगळे घेणार नव्हते. पुष्कळांना परवडणार नव्हतं, काहींना खरंच गरज नव्हती, एकजण म्हणाला की तो मरेपर्यंत तिखटच खाणार आहे आणि त्यामुळे लवकर मेला तरी बेहत्तर. पण एका छोट्या चुलीला पुरतील एवढी घरं त्या गल्ल्यांमध्ये होती. याबद्दल थोरलीला शंका उरली नाही. इतकी वर्षं हे काम केल्यावर एवढं कळतं.

महिना संपायला आला होता. धाकटी संध्याकाळी आली, तेव्हा थोरलीने तिला चहा दिला आणि समोर बसली. ऑफिसात साहेबांपुढे बसायची तशी, पाठ ताठ.

आधीचं सगळं विसर, ते माझं होतं, लोकांचं नव्हतं, अशी तिने सुरुवात केली. मग सांगितलं. लोक घेतील. पाटीवर म्हातारपणाचं नाव नको, पथ्याचं जेवण म्हण. तू इस्पितळात होतीस हे लिही, त्याचं वजन पडेल. डबे सुना नि मुलं कामावर गेल्यावर पोचले पाहिजेत, आधी नाही. रोज घेणारे थोडे असतील, आठवड्यातले काही दिवस घेणारे जास्त, तेव्हा महिन्याचंच गिऱ्हाईक हवं असा हट्ट धरू नकोस. धाकटी हातातला कप खाली ठेवायचं विसरली.

"आणि मी येणार नाही," थोरली म्हणाली.

"येणार नाहीस म्हणजे?"

"जिने चढणार नाही. दारं वाजवणार नाही. घरी बसून भाजी निवडून देईन, चिरून देईन. पण हे मी आत्ताच सांगते, म्हणजे तू मला धरून हिशोब करणार नाहीस."

धाकटीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मग लोक घेतील याचा मला काय उपयोग?"

"ते मला माहीत नाही. तू विचारलंस लोक घेतील का. त्याचं उत्तर हे आहे."

धाकटी उठून आतल्या खोलीत गेली. थोरलीने कप विसळले. तिला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर हलकं वाटेल, तसं काही झालं नाही. नुसतं दमल्यासारखं वाटलं, नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात धाकटीने वॉर्डातल्या एका आयाला गाठलं आणि डबे पोचवायला येशील का विचारलं. ही बाई वयाने पुष्कळ लहान, रात्रपाळ्यांना विटलेली, नवरा फिरतीच्या नोकरीवर. पाय दणकट आणि आवाज त्याहून दणकट. तिने एका दिवसाचा वेळ मागितला आणि जेवणाच्या सुट्टीतच येऊन हो म्हणाली. महिना सरायच्या आत गाळ्याची किल्ली धाकटीच्या हातात आली. इस्पितळाने तिला निरोप दिला, पुष्पगुच्छ दिला आणि तिच्या जागी दोन मुली घेतल्या.

दुकान निघालं. पाटीवर थोरलीने सांगितले तेच शब्द होते. धाकटी आता लहान पातेल्यांत शिजवते. खांद्याचं दुखणं गेलं नाही, पण वाढलंही नाही. आया डबे पोचवते, आणि दार असं वाजवते की आतल्याला आग लागल्यासारखं वाटावं. दारातच, आज खाल्लं का सगळं, असं विचारते आणि उत्तर यायच्या आत, खाल्लंच असणार, असं स्वतःच म्हणते. हे ऐकल्यावर थोरलीने कपाळाला हात लावला. आयाला चार गोष्टी शिकव, असं धाकटीने एकदा सुचवलं. थोरलीने तिला बसवून प्रश्न कसा विचारायचा ते समजावलं. विचारून झालं की गप्प राहायचं, असं सांगितलं. आया म्हणाली, "गप्प राहिलं की मला भीती वाटते हो मावशी, माणूस गेलं की काय असं वाटतं." तिची सगळी नोकरी वॉर्डात झालेली. थोरलीने पुढे आग्रह केला नाही.

सकाळी भाजीची टोपली वर येते, चिरून दुपारच्या आत खाली जाते. ती न्यायला आणायला आया येते. थोरली खिडकीपाशी खुर्ची ओढून चिरत बसते. बाकीचा दिवस तिला मोकळा असतो आणि मोकळ्या दिवसाचं काय करायचं हे तिला अजून नीट जमलेलं नाही. दुपारी ती झोपते. उठल्यावर कधीकधी तिला वाटतं की आज एखादं दार राहिलं, मग आठवतं की राहिलेलं काही नाही. दोघी बहिणी बोलायला लागल्या आहेत, पण पूर्वीसारखं नाही. धाकटी आता कुठलीही गोष्ट धरून चालत नाही. मिठाचा डबा घ्यायचा असला तरी विचारते. सुरुवातीला थोरलीला ते टोमण्यासारखं लागायचं. आता ती फक्त घे म्हणते.

परवा संध्याकाळी धाकटी दुकान बंद करून वर आली आणि चपला न काढता खुर्चीत बसली. काही घरांनी डबा बंद केला होता. कारण कोणी सांगत नव्हतं. आयाने विचारलं तर सगळे म्हणाले, छान होतं, तसं काही नाही. धाकटीने हे सांगितलं आणि पदराने तोंड पुसलं. दुकान बुडत नव्हतं. पण अशीच घरं गळत गेली तर वर्षाच्या आत बुडेल हे दोघींना कळत होतं. थोरली वाटीतल्या डाळीतले खडे बाजूला काढत होती.

"ताई, एकदा जाऊन विचारून येशील?" धाकटीने शेवटी म्हटलं. "तू सांगितलं होतंस जिने नाही. मला आठवतंय. म्हणून मी आज आधी बघून आले. एक घर तळमजल्यावर आहे. बाकीच्या इमारतींत लिफ्ट आहे."

"लिफ्ट चालते का बघितलंस? नुसती असून उपयोग नाही."

"वरपर्यंत जाऊन आले. एक मधेच जरा थांबते, पण चालते. तिथल्या वॉचमनने तुझ्यासाठी स्टूल द्यायचं कबूल केलंय, दारात बसून बोलायला. नाही म्हणालीस तरी चालेल. खरंच चालेल."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. बहिणीने प्रश्न सरळ ठेवला होता आणि आता ती गप्प बसली होती. घुटमळू देत होती.

"उद्या नाही," थोरली म्हणाली. "उद्या मला झोपायचंय."

"बरं."

"गुरुवारी जाईन. आणि त्या आयाला सांग, मी जाईपर्यंत त्या घरांची बेल वाजवू नकोस म्हणावं."